मागील बाकी

बाबांच्या वहीत २३ नावं होती. ९ नावांवर तांबड्या शाईने सरळ रेघ ओढलेली होती, उरलेली १४ तशीच उघडी. बाबा प्रभूत निद्रिस्त होऊन तीन आठवडे झाले होते. मी त्यांचं कपाट आवरत होते. खालच्या खणात जुनी बँकेची पुस्तकं होती, चष्म्याची दोन रिकामी घरं होती आणि त्यांच्या खाली मेणकापडाचं वेष्टण घातलेली ही वही.

गेली २६ वर्षं मी हिशेबाचं काम करते. वही हातात आली की बोट आपोआप बेरजेकडे जातं. तिथेच जमिनीवर बसून मी १४ नावांची बेरीज केली. पुन्हा केली. माझा दीड वर्षाचा पगार होईल एवढं येणं बाहेर होतं, आणि बाबा त्याबद्दल घरात एक शब्द बोलले नव्हते.

वही नीटनेटकी होती. नाव, तारीख, रक्कम, आणि कारण एका शब्दात: फी, दवाखाना, भाडं, यंत्र. परत आलेल्या हप्त्यांचा रकाना वेगळा. व्याजाचा रकानाच नव्हता. प्रत्येक नावाशेजारी समासात मात्र बारीक बारीक टिंबं होती, काही नावांपुढे शेकड्यांनी. हप्त्यांच्या संख्येशी त्यांचा मेळ बसेना. मी त्यांना खुणा समजून सोडून दिलं.

पहिल्या पानावर कुणाचंच येणं नव्हतं. वर लिहिलं होतं, 'फिले. १८, १९'. खाली देण्याच्या बाजूला एकच नोंद होती, एका बाईच्या आडनावाची. तीन हप्ते वजा केलेले, बाकी काढलेली, आणि पुढे काहीच नाही. बाबा कुणाचं तरी देणं लागत होते आणि ते त्यांनी फेडलं नव्हतं. त्या रात्री सगळ्यात जास्त हेच मला टोचलं.

वारसांची कामं सुरू होतीच. मृत्युपत्रात बाबांनी जे होतं ते आम्हा दोघा भावंडांत सारखं वाटलं होतं. वहीचा उल्लेख नव्हता. वकिलांनी सांगितलं, येणं हीसुद्धा मालमत्ताच असते. काही नोंदी मुदतबाह्य झाल्या असतील, पण बाकीच्यांवर तुम्हा दोघांचा हक्क आहे. वसूल करायचं की सोडून द्यायचं, जे कराल ते दोघांच्या सहीनं करा.

मी सोडून द्यायच्या बाजूची होते, दादा नव्हता. यात त्याला लोभी ठरवणं अन्यायाचं होईल. त्याचा धंदा दोन वर्षं तोट्यात होता, मुलीचं शिक्षण चालू होतं. तो म्हणाला, "बाबांनी आपल्यासाठी पै पै वाचवली असं आपण समजत होतो. ती लोकांच्या घरात पडून आहे. मागायला लाज कसली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादा तरुणपणीच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायचा थांबला होता, त्यामुळे वचनं सांगून त्याला पटवायला जाणं मला बरोबर वाटेना. आम्ही ठरवलं की आधी वही नीट समजून घ्यायची, मग बोलायचं.

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. 'फिले.' म्हणजे बायबलमधलं, प्रेषित पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. ते मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण कधी थांबून वाचलं नव्हतं. अवघ्या २५ वचनांचं पत्र आहे. पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्यापासून दुरावून त्याच्याकडे आलेला आहे. पौल त्याला धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवतो आहे आणि सोबत हे पत्र देतो आहे: त्याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे. आणि मग १८ वं वचन. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते 'माझ्या हिशेबी मांड'. पुढच्या वचनात पौल म्हणतो की हे मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, मी फेडीन.

हिशेबाच्या माणसाच्या डोळ्यांनी हे वाचलं तेव्हा मी चरकले. प्रेमाचा उपदेश पत्रात आधीच झालेला आहे. इथे पौल हमी लिहून देतो आहे, सहीनिशी. बेड्यांत असलेला, स्वतःजवळ काही नसलेला माणूस दुसऱ्याच्या खात्यावरची रक्कम उचलून आपल्या नावे टाकायला सांगतो. आणि शेवटी फिलेमोनाला म्हणतो, माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव. म्हणजे तो येणार आहे, समोर बसून बोलणार आहे.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, निवृत्त पाळक आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांना मी पहिल्या पानावरच्या बाईंचं आडनाव सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुला माहीत नाही? तुझ्या बाबांची नोकरी त्यांच्यामुळे राहिली."

बाबा २२ वर्षांचे होते. नवी नोकरी, हातात रोकड. एका संध्याकाळी मोजदादीत मोठी तूट आली. चोरी की चूक, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी भरणा झाला नाही तर नोकरी जाणार होती, आणि नावाला बट्टा लागणार होता तो वेगळाच. मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं, एकट्या राहणाऱ्या विधवेनं, रात्री आपली शिल्लक काढून त्यांच्या हातात दिली. वही काढून नोंदही केली. पुढच्या महिन्यापासून बाबा हप्ता द्यायला जाऊ लागले. बाईंनी तीन हप्ते मोजून घेतले. "राहू दे रे" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. चौथ्या हप्त्याच्या आधी त्या वारल्या. मागे कुणी नव्हतं.

"तो माझ्याकडे आला," पाळक म्हणाले, "म्हणाला, आता मी कुणाला देऊ? मी म्हटलं, बाई तुझ्या जागी असत्या तर त्यांनी कुणाला दिले असते ते बघ."

घरी परत येताना मी आमच्या मराठी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एका शब्दाचा विचार करत होते. वतन. नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायात म्हटलं आहे की चांगला मनुष्य आपल्या पुत्रपौत्रांसाठी वतन ठेवतो. हे वचन मी दफनविधींत अनेकदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर घर, जमीन, दागिने असंच काहीतरी आलंय. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातही तोच शब्द आहे: 'अविनाशी, निर्मल व अक्षय वतन'. त्या बाईंनी पुत्रपौत्र नसताना वतन ठेवलं होतं. त्यांच्या पैशाची बाकी बाबांच्या वहीत ५० वर्षं चालत राहिली, आणि त्या बाकीपोटी २३ घरांत पैसा गेला.

मी हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. तो फक्त 'हं' म्हणाला. मग वही बघायला घरी आला. पानं उलटता उलटता त्याचं बोट समासावर थांबलं.

"ही टिंबं," तो म्हणाला, "मी बघितलीत. सकाळी प्रार्थना झाली की बाबा पेन काढून वहीत टिंब द्यायचे. मला वाटायचं, कसला तरी हिशेब करतायत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्यांना ज्यांना पैसे दिले, त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याचं एक टिंब. आम्ही दोघांनी मिळून एका नावाची टिंबं मोजली. चारशेच्या पुढे गेल्यावर दादानं मोजणं थांबवलं आणि वही मिटली. तो इतकंच म्हणाला, "तू जा लोकांकडे. काय ठरेल त्यावर मी सही करीन." त्याच्या मनात काय झालं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

पहिली भेट मी पूर्ण बिघडवली, ते सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच शिकले.

वहीत 'यंत्र' असं कारण लिहिलेल्या एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. मी फाइलमध्ये ऋणमुक्तीचं पत्र टाईप करून घेतलं, वही पिशवीत घातली आणि एका संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. त्या शिवत होत्या. मी बाबांचं नाव सांगितलं, वही बाहेर काढली. मेणकापडाचं ते वेष्टण दिसताच त्यांचा उजवा हात यंत्राच्या चाकावर गेला आणि तिथेच राहिला. चाक थांबलं. सुई अर्धी कापडात. त्या म्हणाल्या, "ताई, पाच हप्ते राहिलेत. मला माहीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून थांबले. बाबांना सांगितलं होतं."

मी घाईघाईनं म्हटलं, अहो नाही, मी वसुलीला आलेली नाही, आम्ही माफ करतोय, हे बघा पत्र. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा आणखी कठीण झाला. "तुमच्या बाबांनी मला कधी भीक घातली नाही," त्या म्हणाल्या. "उसने दिले. मी फेडते म्हणून दिले. आता ते गेले म्हणून मी भिकारी झाले का?"

मी पत्र हातात घेऊन उभी होते. त्या बसलेल्या होत्या. किती चुकीचं चित्र होतं ते, हे मला रस्त्यात आल्यावर कळलं.

त्या रात्री मला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला ९ वा अध्याय आठवला. यापो गावात टबीथा मरण पावते, पेत्र येतो, आणि सगळ्या विधवा रडत त्याला कपडे दाखवतात, ती त्यांच्यात होती तेव्हा तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. टबीथेनं काय शिकवलं, काय बोलली, याची एक ओळही नोंदलेली नाही. लोकांच्या हातात होते ते कपडे. मावशींकडे बाबांचं काय होतं? यंत्र, हो. पण त्याहून मोठं म्हणजे हा विश्वास की ही बाई फेडील. मी तोच काढून घ्यायला गेले होते, आणि तेही दयेच्या नावाखाली.

आठवड्यानं परत गेले. या वेळी वही घरी ठेवली. आत बोलावल्यावर बसले. माफी मागितली. म्हटलं, "तुम्हाला फेडायचे असतील तर फेडा, पण आम्ही दोघं ते पैसे घेणार नाही. बाबा जसे पुढे द्यायचे तसे पुढच्या कुणालातरी जातील. कुणाला ते तुम्हीच माझ्याबरोबर बसून ठरवा." त्या पहिल्यांदा हसल्या. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी पाचही हप्ते दिले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन्ही वाटा सांगू लागले: सोडून दिलेलं घ्या, किंवा फेडा आणि ते पुढे जाऊ द्या. त्यांच्यासाठी मी निवडायचं नाही. १४ पैकी ६ जणांनी ऋणमुक्ती घेतली आणि ती घेताना त्यांतले तिघे रडले. ५ जणांनी फेडायचं ठरवलं. दोघं वारले होते. त्यांच्या घरच्यांना या उसनवारीची कल्पनाही नव्हती, त्यांना पत्रं दिली आणि बाबांची आठवण सांगून आले.

उरला एक.

तो गृहस्थ आता चांगला सुस्थितीत आहे. बाबांनी त्याला सगळ्यात मोठी रक्कम दिली होती, अगदी अडचणीच्या दिवसांत. माझं बोलणं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "असे काही पैसे मी घेतल्याचं मला आठवत नाही. वडिलांच्या लिहिण्यात काही गफलत असेल. वय झालं होतं." नोंद बाबांच्या भरात असतानाच्या अक्षरात होती. पैसे बुडाले याचं मला तितकं वाटलं नाही. बाबांचा हिशेब चुकीचा म्हटलेला मला सहन झाला नाही. कित्येक रात्री मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे माझा आवाज बसायचा. आमच्या मराठी प्रार्थनेत हा शब्द ऋण असाच आहे, आडपडदा नसलेला. त्याच्या आड लपता येत नाही.

मग मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय, येशूनं सांगितलेला ऋणाचा दाखला, काढला आणि कागद पेन्सिल घेऊन बसले. राजानं ज्या दासाला देणं माफ करून सोडलं त्याचं देणं १०,००० तालांत. त्याच दासानं ज्याचा गळा धरला त्याचं देणं १०० दीनार. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयातच द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. म्हणजे १०,००० तालांत ही ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षं. हा आकडा फेडायचा नसतोच, तो माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे हेच सांगायला येशूनं तो घेतला.

पण मला थांबवलं ते दुसऱ्या आकड्यानं. १०० दीनार म्हणजे महिन्याला २५ दिवस धरले तर चार महिन्यांची मजुरी. हे काही चिल्लर नव्हे. प्रवचनांत आपण ऐकतो की दुसऱ्या दासाचं देणं क्षुल्लक होतं. मला ते कधी पटलं नव्हतं, आणि हिशेब केल्यावर तर अजिबात पटलं नाही. चार महिन्यांचा पगार बुडाला तर घर हलतं. येशू असं सांगत नाही की तुला लागलेलं लहान आहे. तो सांगतो की ते खरं आहे, दुखणारं आहे, आणि तरीही त्याच्या शेजारी तुला सोडलेला आकडा मांडून बघ. मला हे कागदावर दिसावं लागलं. मग मी बाबांची तांबड्या शाईची पेन शोधली आणि त्या नावावर रेघ ओढली. इतकी दाबून ओढली की मागच्या पानावर शाई उमटली आहे. त्याच्या नावापुढे मी अजून टिंब देते. काही दिवशी मनापासून, काही दिवशी नुसतं द्यायचं म्हणून.

फेडणाऱ्या पाच जणांच्या हप्त्यांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी थोडं वाचन केलं, कारण हे आपल्याच डोक्यातून आलेलं खूळ आहे की पूर्वी कुणी केलंय, ते बघायचं होतं. पूर्वी पुष्कळांनी केलं होतं. इंग्लिश धर्मप्रचारक जॉन वेस्ली यांनी १७४६ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी बिनव्याजी उसनवारीचा निधी काढला. रक्कम लहान, तीन महिन्यांत परत करायची, ती पुढच्या माणसाला जायची. आणि जर्मनीतले फ्रीडरिश विल्हेल्म राइफआयझन. १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा ते एका खेड्यांच्या गटाचे महापौर होते. त्यांनी सधन लोकांना गोळा करून मंडळ काढलं, भुकेल्या कुटुंबांना धान्य आणि पीठ उधारीवर दिलं, सामायिक भट्टी बांधली.

त्यांची गोष्ट मला जवळची वाटली ती त्यांच्या चुकांतून शिकण्यामुळे. सुरुवातीची त्यांची मंडळं सधनांच्या दानावर चालायची. देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की मंडळ थांबायचं. ख्रिस्ती कर्तव्य म्हणून ते दयेला घट्ट धरून होते, पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की घेणारा आणि देणारा एकाच मंडळाचे सभासद असले पाहिजेत, जबाबदारी सगळ्यांनी मिळून घेतली पाहिजे. १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडोर्फ इथे तशी पतसंस्था उभी केली. तोवर त्यांची दृष्टी खूप कमी झाली होती. १८६६ मध्ये आपला अनुभव पुस्तकरूपानं मांडताना मुलीनं त्यांच्यासाठी लिहून घेतलं. ते १८८८ मध्ये वारले. जगभरच्या सहकारी पतसंस्थांच्या पूर्वजांमध्ये त्यांचं नाव आजही घेतलं जातं. जे शिकायला त्यांना १५ वर्षांहून जास्त काळ लागला, ते मावशींनी मला यंत्राच्या चाकावर हात ठेवून एका वाक्यात सांगितलं होतं.

मंडळीच्या कारभाऱ्यांपुढे मी विषय मांडला. एकानं विचारलं, निधीला बाबांचं नाव द्यायचं का? मी नको म्हटलं. बाबांनी वहीतसुद्धा स्वतःच्या येण्याच्या आधी दुसऱ्या कुणाचं देणं लिहिलं होतं. शेवटी फिरती पेटी असं साधं नाव ठरलं. व्याज नाही. मुदत घेणाऱ्यानं ठरवायची. मागणाऱ्याचं नाव सभेत वाचायचं नाही, ते फक्त पेटी सांभाळणाऱ्या दोघांना माहीत. देणं जमेनासं झालं तर लपायचं नाही, येऊन सांगायचं, एवढी एकच अट.

पेटी सांभाळणारी एक मी. दुसरी व्यक्ती म्हणजे शिवणकाम करणाऱ्या त्याच मावशी. त्यांचं नाव मीच सुचवलं. आधी त्या तयार नव्हत्या, म्हणाल्या, माझं शिक्षण किती. मी म्हटलं, तुम्हाला जे माहीत आहे ते शिकलेल्या कुणालाच माहीत नाही: घेताना कसं वाटतं. त्यांनी आल्या आल्या एक नियम घातला. पैसे उभ्यानं द्यायचे नाहीत. समोरच्याला बसवायचं, आपण बसायचं, त्याच उंचीच्या आसनावर, आणि मग द्यायचे. तो नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. दर वेळी आम्ही दोन सारख्या खुर्च्या समोरासमोर ओढतो आणि तिसरी बाजूला.

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. तिसऱ्यांदा दिलेले पैसे परत आले नाहीत. पैशांपेक्षा वाईट म्हणजे तो मुलगा उपासनेला यायचा बंद झाला. देणं राहिलं म्हणून माणूस देवळापासून तुटला तर पेटी बंद केलेली बरी, असं मी मावशींना म्हटलं. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. पैशांचा विषय काढला नाही, काढणारही नाही असं सांगितलं, रविवारी ये एवढंच म्हटलं. तो मान खाली घालून हो म्हणाला. अजून आलेला नाही. रोज सकाळी त्याच्या नावापुढे एक टिंब पडतं.

दादानं सगळ्या पत्रांवर सह्या केल्या. त्याचा धंदा अजून सावरलेला नाही, आणि मी माझ्या परीनं त्याला मदत करते, ती कुठल्याही वहीत लिहीत नाही. एकदा तो पेटीच्या खोलीत आला होता, खुर्च्या लावायला मदत केली आणि गेला.

पेटीसाठी नवी वही आणली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मावशींनी ती त्यांच्याकडच्या निळ्या कापडात शिवून दिली होती. पहिलं पान उघडून मी 'अनुक्रमांक १' लिहायला पेन टेकवलं. त्यांनी विचारलं, "आणि बाबांच्या वहीतल्या त्या बाईंचं?"

मी म्हटलं, ते बाबांचं देणं होतं, त्यांच्याबरोबर संपलं.

"असं कसं संपेल?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हिशेबाच्या ना? जुनी वही संपली, नवी काढली, तर काय करतात?"

मी पेन उचललं. बाबांची वही आणली, पहिलं पान उघडलं, तीन हप्ते वजा जाता उरलेली रक्कम परत एकदा पडताळली. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर, देण्याच्या बाजूला, बाईंचं आडनाव लिहिलं, रक्कम लिहिली, आणि त्यापुढे लिहिलं: मागील बाकी.